वरचा मऊ भात

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. राजगडाच्या पायथ्याच्या एका गावातून फोन आला, "ताई, नवमीला सवाष्ण म्हणून जेवायला या. हिची पहिलीच नवमी हाय." आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचे ते यजमान. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं असलं, तरी आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेलं आहे. भोरहून निघाले. वाटेत भातखाचरं हिरवीगार होती, पण मन जड झालं होतं.

मैत्रिणींनो, अविधवा नवमी तुमच्या घरीही होत असेल. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं भाद्रपद वद्य नवमीला सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. गेलेल्या बायकोची आठवण काढायचा हा रीतीनं नेमून दिलेला दिवस.

माझी ही मैत्रीण साडेचार वर्षं आजारी होती. पायांवर सूज यायची. लावणीच्या चिखलात उभं राहून येत असेल, म्हणत तिनं वर्षभर अंगावर काढलं. तपासणी झाली तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मग आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. पहाटे निघायचं, चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं, अंधार पडल्यावर घरी. दर खेपेला नवरा बरोबर. त्यांनी दोन म्हशी विकल्या आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वयंपाक शिकले.

त्या दिवशी खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं रीतीप्रमाणे होतं. पण नैवेद्याच्या पानात सगळ्यात आधी पडला तो आंबेमोहराचा वाफाळता भात, पातेल्यातला अगदी वरचा. त्यावर वरण आणि तूप. मी बघतेय हे पाहून ते म्हणाले, "ताई, तीस वर्षं आमचा समज, हिला भाताची खरवड लई आवडती. रोज तीच खायची. मी रांधायला लागलो तवा एक दिवस कौतुकानं खरवड काढून दिली, तर हसायला लागली. म्हणली, आवडत नव्हती वो, उरायची तीच. मला वरचा मऊ भात आवडतो. तीस वर्षांत मी कधी इचारलंच नव्हतं!"

मी आमच्या घरातलं पातेलं आठवत राहिले. आमच्याकडे खरवड कोण खातं?

पाटावर बसायची वेळ झाली. शेजारच्या एक मावशी दारातच उभ्या होत्या. आजारपणात मैत्रिणीची वेणीफणी, अंघोळ, पुण्याच्या दिवशी घरातली गुरं, सगळं या मावशींनी सांभाळलं होतं. पण त्यांच्या कपाळी कुंकू नाही, म्हणून त्या आत येत नव्हत्या. यजमानांनी माझ्या शेजारी दुसरा पाट मांडला. नात्यातली एक बाई पुटपुटली, "आजच्या दिवशी हे कसं चालंल?" ते शांतपणे म्हणाले, "जिनं हिला चार वर्षं न्हाऊ घातलं, तिला दारात उभी ठेवून हिच्या नावानं घास कुणाला घालू?" मग कुणी काही बोललं नाही. मी मावशींचा हात धरून त्यांना बसवलं. ओटी आम्हा दोघींची भरली.

परतताना राजगडाचा बालेकिल्ला ढगात होता आणि मला सईबाई आठवल्या. त्याही दीर्घ आजारानंतर सवाष्णच गेल्या. फलटणच्या निंबाळकरांची ही लेक शिवरायांची पहिली पत्नी. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि त्यानंतर सईबाईंची प्रकृती खालावतच गेली. बाळाला आईचं दूध पुरेना, तेव्हा आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे त्याच्या दूधआई झाल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी, ऐन पितृपक्षात, सईबाईंनी राजगडावर प्राण सोडला. शंभूबाळ तेव्हा सव्वादोन वर्षांचा. खानाचं संकट अंगावर आलेलं. दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली महाराज अफझलखानाला सामोरे गेले. घरातलं दुःख पोटात ठेवूनच ते गेले असणार.

सईबाईंची समाधी पद्मावती माचीवर देवीच्या देवळाजवळ आहे. जुलै २०२५ मध्ये राजगडाचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं. गडावर जाल तेव्हा तिथं दोन मिनिटं थांबा आणि धाराऊचंही नाव घ्या. आजारी बाईची आठवण काढायची, तर तिच्या वाटचं काम जिनं उचललं तिलाही आठवायला हवं.

म्हणूनच त्या दुसऱ्या पाटाचं मला मोल वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. पण परिपत्रक उंबऱ्यापाशी थांबतं. आतला पाट मांडायचा तो आपणच, आणि सांगायला वाईट वाटतं, पुटपुटणारीही बहुतेक वेळा आपल्यातलीच असते.

दुसरं सांगणं दुखण्याचं. पायाला सूज, दम लागणं, सतत थकवा हे कामामुळे असेल असं परस्पर ठरवू नका. साखर आणि रक्तदाब ही मूत्रपिंडं बिघडण्याची मोठी कारणं, आणि दोन्ही तपासण्या जवळच्या आरोग्य केंद्रात होतात. डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे, हेही ध्यानात ठेवा.

त्या यजमानांनी बायकोवर जीव लावला, साडेचार वर्षं मनापासून सेवा केली. तरी त्यांना सल आहे तो विचारायचं राहून गेल्याचा. तिनंही कधी सांगितलं नाही. आपण तरी कुठं सांगतो? गेल्यानंतर नैवेद्याच्या पानात पडणारा भात जिवंतपणी का मागू नये?

आज रात्री भात वाढाल ना, तेव्हा वरची एक वाढ आधी स्वतःच्या पानात घ्या. खरवड सगळ्यांनी मिळून खाऊ द्या.