शेताची किंमत लावताना माती पाहा

ग्रामीण भागातल्या जिरायती जमिनीचा सरकारी दर आजही सातबाऱ्यावरच्या आकारावरून, म्हणजे शेतसाऱ्याच्या आकारणीवरून निघतो. हेक्टरी आकार किती रुपये-पैसे, त्यावरून गट आणि गटावरून रेडी रेकनरचा दर. त्या आकाराचं मूळ 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या पाहणीत आहे.

माझी सारी नोकरी मृद सर्वेक्षणात गेली, त्यामुळे त्या पाहणीबद्दल मला आदरच आहे. ती माणसं शेतात खड्डे घेत, खोली आणि रंग पाहून नऊ प्रती लावत. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची; चुनखडी, रेती, उतार, पाणथळ असे दोष निघाले की प्रत उतरे. पण माती तेव्हा होती तशी राहिली नाही.

वाळवा, शिरोळकडे पाहा. उसाला वर्षानुवर्षं पाणी दिलं, भारी जमिनीतून निचरा होईना, भूजल वर आलं आणि क्षार माथ्यावर साचले. एके काळची सोळा आणे जमीन उन्हाळ्यात पांढरी फुटते, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. शेजाऱ्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, त्याचं रान सुधारलं. दोघांचा आकार एक, म्हणून दरही एक! हा अन्याय आहे, आणि तो घेणाऱ्यावर होतो तसा देणाऱ्यावरही.

2013 चा भूसंपादन कायदा मोबदला ठरवताना आसपासच्या तशाच प्रकारच्या जमिनींचे आधीच्या तीन वर्षांतले व्यवहार पाहायला सांगतो. 'तशाच प्रकारची' हे ठरवताना मातीचा नकाशा टेबलावर आलेला मी पाहिलेला नाही. मृदा आरोग्यपत्रिका इथं पुरत नाही. ती वरच्या वीतभर थरातलं नत्र, स्फुरद, पालाश सांगते. मुरूम किती फुटांवर लागतो, ते नाही. कोरडवाहू पीक तर त्या खोलीत साठलेल्या ओलीवरच जगतं.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे नकाशे आहेत, पण 1:50,000 च्या नकाशावर दोन एकरांचं शेत जेमतेम दोन मिलिमीटरचं दिसतं. तेव्हा नकाशा आधाराला घ्यावा आणि संपादनात जाणाऱ्या प्रत्येक शेतात मीटरभर खोल खड्डा घ्यावा. शेतकऱ्यासमक्ष पंचनामा व्हावा. खोली, चुनखडी, क्षार, निचरा लिहून त्याची प्रत त्याच्या हातात द्यावी. खर्च जमीन घेणाऱ्यानं सोसावा. मोबदल्यापुढे तो नगण्य आहे.