जाळीपोटातली तार

चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक गाईचे दात बघते, कास चाचपते, चालवून पाहते. तिच्या पोटात तार आहे की नाही, हे मात्र कुणालाच दिसत नाही. या औद्योगिक पट्ट्यात तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

गाय आधी गिळते, रवंथ मागाहून करते. वैरणीतला खिळा किंवा बोटभर तार तिच्या जिभेला उमगत नाही. महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत कारखान्यांच्या शेजारी आजही गोठे आहेत. त्याच रस्त्यांनी भंगाराच्या गाड्या जातात. बांधकामावरची सळ्या बांधायची तार बांधावर पडते, गवताबरोबर कापली जाते आणि कडबाकुट्टीतून तिचे टोकदार तुकडे होऊन निघतात. मुरघासावर दाब म्हणून ठेवलेले जुने टायर झिजले की त्यांतली तारही वैरणीत मिसळते.

जड लोखंड जाळीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात, उतरते. हे पोट साधारण मिनिटाला एकदा, दोन टप्प्यांत आकसते आणि दरवेळी तार थोडी आणखी रुतते. पुढे श्वासपटल आहे, त्याला लागून हृदय. गाय वैरण सोडते, दूध एकदम आटते. पाठ कमानीसारखी करून, कोपरे बाहेर काढून उभी राहते, उतारावर पाऊल टाकायला कचरते. गोठ्यात याला अपचन समजून पाचक चूर्ण सुरू होते आणि मोलाचे दिवस हातचे जातात. पोळीला सूज दिसते तोवर तार बहुधा हृदयाच्या आवरणापर्यंत पोचलेली असते. मग शस्त्रक्रियेचाही फारसा उपयोग होत नाही.

हे दिवस सोनोग्राफीने वाचू शकतात. छातीच्या हाडामागे केस कापून, जेल लावून साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोब टेकवला की जाळीपोटाची हालचाल पडद्यावर दिसते. झुरिच विद्यापीठातल्या उएली ब्राउन यांनी या तपासणीवर 1990 च्या दशकापासून विस्ताराने काम केले आहे. गाय उभी असतानाच ती होते, भूल लागत नाही. आकसणे मंदावले आहे का, पोट आजूबाजूला चिकटले आहे का, गळू झाले आहे का, हृदयाभोवती पाणी साठले आहे का, हे कळते. जागेवरून सरकलेले चौथे पोट आणि आतड्यात शिरलेले आतडे यांचाही माग लागतो. खुद्द तार सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो. पण तारेने केलेली इजा दिसते. तार धरून ठेवणारे चुंबक गिळायला देऊन भागेल, की पोट उघडावे लागेल, की आता उशीर झाला, हे डॉक्टरला त्या इजेवरूनच ठरवायचे असते.

म्हणून मागणी सरळ आहे. चाकण ज्यात येते त्या खेड तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात पोट तपासण्याचा प्रोब असलेले यंत्र आणि ते वाचायला शिकलेला डॉक्टर, दोन्ही हवेत. गाभण तपासणीचा प्रोब वेगळा असतो. तेवढ्यावर भागत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याने सोनोग्राफी यंत्रांवर घातलेली बंधने मात्र तसूभरही सैल होऊ नयेत. सरकारी चिकित्सालयात नोंदणीसह, चोख हिशेबाने यंत्र ठेवता येते.

पैशाचा मार्गही कायद्यातच आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत प्राणिकल्याण स्पष्ट लिहिले आहे. कारखान्याच्या फाटकाआत प्रत्येक सुट्या भागाची नोंद असते. फाटकाबाहेर सांडलेल्या तारेची नोंद कुठेच होत नाही. ती गाईच्या पोटात निघते. त्या नफ्यातून तालुक्याला एक यंत्र, प्रत्येक गोठ्यातल्या कालवडीला एक चुंबक आणि प्रत्येक कडबाकुट्टीच्या तोंडाशी एक चुंबक द्यावे. ज्या गावांनी जमिनी दिल्या, त्यांच्या गोठ्यांचे एवढे देणे या पट्ट्याने फेडावे.