मातीचा नकाशा

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात कोकणातले, घाटावरचे, गुजरातेतले आणि उत्तर प्रदेशातले संसार एकाच जिन्यावर मांडलेले आढळतात. तेथील मुलांना ‘गाव कोणते?’ असे विचारावे, तर ती आजोबांचे गाव सांगतात. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शाळेच्या नकाशात एक रेघ वाढली. ती मुलांनी पाठ केली. पायाखालची भूमी मात्र अनोळखीच राहिली.

भूगोलाला कलेची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याची साक्ष पुण्यात आहे. १९१३ साली काशीचे देशभक्त शिवप्रसाद गुप्त अण्णासाहेब कर्वे यांच्या आश्रमात आले असता जमिनीवर मातीने केलेला भारताचा उठावाचा नकाशा त्यांनी पाहिला. त्या मातीतून काशीचे भारतमाता मंदिर उभे राहिले. शिल्पी दुर्गाप्रसाद खत्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वेक्षण खात्याच्या मोजमापांवरून मकराण्याच्या संगमरवरात अखंड भारत कोरला. गांधीजींच्या हस्ते १९३६ साली खुल्या झालेल्या या मंदिरात मूर्ती नाही. नकाशा हीच देवता.

त्यातील एक बारकावा लक्षणीय आहे. आडवे प्रमाण एका इंचास ६.४ मैल, उभे मात्र इंचास दोन हजार फूट. एकच प्रमाण ठेवले असते तर एव्हरेस्ट इंचभरही भरले नसते. मोजणाऱ्याने आकडा दिला आणि घडविणाऱ्याने हिमालय दिसू दिला.

याउलट १९४७ साली, हा देश पूर्वी कधीही न पाहिलेल्या रॅडक्लिफसाहेबांनी सुमारे पाच आठवड्यांत कागदावर फाळणीची रेघ ओढली. आजच्या सीमा मुलांना बिनचूक ठाऊक हव्यातच. परंतु सिंधूचा उगम आणि तिची वाट त्या रेघेने बदललेली नाही, हेही त्यांना बोटांनी चाचपता आले पाहिजे.

दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले करतातच. (हल्ली तयार किल्ले विकत मिळतात, हे दुर्दैव!) यंदा मनवेलपाड्यातील शाळांनी व मंडळांनी चित्रकलेच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांना एकत्र बसवून वसई तालुकाच मातीत उभा करावा. उत्तरेस वैतरणा, तिच्या मुखाशी अर्नाळा, पूर्वेस तुंगारेश्वर, दक्षिणेस खाडी आणि तिच्या तोंडाशी चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा कोट. जीवदानीचा डोंगर किती उंच करायचा, यावर दोघा गुरुजींचे मतभेद होतील. तो वाद मुलांसमोरच व्हावा.