म्वालिमू आणि त्यांनी मोडलेला शब्द

१/ टांझानियाचे राष्ट्रपिता ज्युलियस न्येरेरे यांच्याविषयी दोन मते ठरलेली आहेत. एका मते ते संत; दुसऱ्या मते निर्मळ मनाचे, पण अर्थकारण न उमगलेले स्वप्नाळू. दोन्ही मते त्यांना फार स्वस्तात सोडतात.

२/ जन्म १९२२, बुतियामा गावी, झनाकी या लहानशा जमातीच्या प्रमुखाच्या घरी. मकेरेरे आणि एडिंबरा येथे शिक्षण, मग शाळेत अध्यापन. ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, ही त्यांची ओळख तिथली. १९५४ मध्ये ‘टानू’ पक्ष. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र, तेही रक्तपाताविना. १९६४ मध्ये झांझिबारशी एकीकरण होऊन टांझानिया झाला.

३/ त्यांची खरी थोरवी मात्र भाषेत आहे. शंभराहून अधिक जमातींच्या या देशाला त्यांनी स्वाहिलीत बांधले. शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणले. (राष्ट्राध्यक्षपदी असताना असा उद्योग किती जणांनी केला असेल!) प्रमुखाच्या या मुलानेच जमातप्रमुखांचे अधिकार कायद्याने संपवले. जमातवार राजकारणाने शेजारी देश पोखरले जात असताना टांझानिया त्यापासून बराचसा वाचला.

४/ आता दुसरी बाजू. १९६७ च्या अरुशा घोषणेनंतर ‘उजामा’ ग्रामांची कल्पना पुढे आली: एकत्र वस्ती, सामूहिक शेती. कोणालाही अशा गावात बळाने नेता येणार नाही, असे १९६८ मध्ये न्येरेरे यांनीच लिहिले. रुवुमा भागातील शेतकऱ्यांनी तर स्वेच्छेने अशी गावे उभारून एक संघही स्थापला होता. १९६९ मध्ये पक्षाने तो संघच बरखास्त केला. आपल्या तत्त्वाचा जिवंत पुरावा आपल्याच पक्षाने मोडला आणि म्वालिमूंनी ते होऊ दिले.

५/ नोव्हेंबर १९७३ मध्ये खुद्द त्यांनीच जाहीर केले की गावांत राहणे हा आता आदेश आहे. १९७६ पर्यंत सुमारे ५० लाख माणसे हलवली गेली. परतीची वाट उरू नये म्हणून कित्येक ठिकाणी घरे जाळली गेली. त्यातच दुष्काळ पडला आणि धान्य बाहेरून आणावे लागले.

६/ हा अधिकाऱ्यांचा अतिउत्साह होता, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा १९६२ चा, एकपक्षीय राज्यव्यवस्था १९६५ ची. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे दार-एस-सलामपर्यंत पोहोचवणारी तोंडे आधीच बंद झाली होती, आणि ती बंद करणारा हात न्येरेरे यांचाच होता.

७/ १९८५ मध्ये त्यांनी स्वेच्छेने राष्ट्राध्यक्षपद सोडले. त्या काळच्या आफ्रिकेत ही दुर्मीळ गोष्ट. पक्षाचे अध्यक्षपद मात्र १९९० पर्यंत स्वतःकडे ठेवले. नाणेनिधीच्या ज्या अटींना त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, त्या निधीशी उत्तराधिकारी अली हसन म्विन्यी यांनी १९८६ मध्येच करार केला. १९९५ मध्ये भारत सरकारने पहिला गांधी शांतता पुरस्कार न्येरेरे यांना दिला.