विश्लेषण : स्कॅनरने ‘थ्रॉटल सेन्सर’ दाखवला, म्हणून तो बदलायचाच का?

मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना मोताळा मागे पडले की राजूर घाट लागतो. सपाटीवर सुरळीत चालणारी गाडी नेमकी इथल्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय हलकासा ठेवलेला असताना झटके मारू लागते. पिकअप तुटतो, पुन्हा येतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘थ्रॉटल पोझिशन सेन्सर’ हे शब्द येतात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो : सेन्सर गेला, बदलावा लागेल. तो बदलला जातो, बिल हजारांत होते. आठवडाभराने त्याच घाटात तोच झटका.

अशा वेळी दोष कधी सेन्सरचा असतोही. पण न मोजता बदललेला सेन्सर हा निव्वळ अंदाज असतो आणि त्या अंदाजाची किंमत गाडीमालक भरतो. मोजायला लागतो एक साधा मल्टिमीटर आणि थोडा वेळ. तरीही मोजले जात नाही, याचे कारण तंत्रज्ञानापेक्षा व्यवहारात जास्त आहे.

हा सेन्सर करतो काय?

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, उघडते. ती किती उघडली हे गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला कळवणे, एवढेच या सेन्सरचे काम. त्या माहितीचा आधार घेऊन पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीएम ठरवतो.

केबलच्या जुन्या गाड्यांतला सेन्सर जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच असतो : आत एक पट्टी, तिच्यावर घासत सरकणारा संपर्क आणि बाहेर तीन वायरी. एकीतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थची, तिसरीवरून सिग्नल परत जातो. पाय वर असताना हा सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर साडेचार व्होल्टच्या आसपास असतो. मॉडेलनुसार आकडे थोडे बदलतात.

नव्या गाड्यांत केबल नाही. पेडलमध्ये सेन्सर असतो आणि झडप मोटरने उघडते. सुरक्षेसाठी पेडलमध्ये आणि थ्रॉटलमध्येही दोन-दोन सिग्नल असतात. थ्रॉटलच्या दोन सिग्नलांचा मेळ बसला नाही की ईसीएम सहसा मोटरची ताकद काढून घेतो, झडप स्प्रिंगच्या जोरावर थोडीशीच उघडी राहते आणि गाडी रांगू लागते. गॅरेजच्या भाषेत हा ‘लिम्प मोड’. समृद्धी महामार्गावर मेहकर ते सिंदखेडराजा या पट्ट्यात, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, अशी रांगणारी गाडी मागून येणाऱ्यांसाठी मोठा धोका ठरते. तिथे चारही इंडिकेटर लावून डावीकडे बाहेर पडणे हेच पहिले काम, निदान नंतर.

कोड नेमके काय सांगतो?

पी०१२२ म्हणजे सिग्नल अपेक्षेपेक्षा कमी, पी०१२३ म्हणजे जास्त. या कोडच्या अधिकृत वर्णनात ‘सर्किट’ हा शब्द असतो आणि नेमका तोच वाचताना गाळला जातो. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशाच वायरी, कपलर, अर्थिंग आणि खुद्द ईसीएमही आला. सेन्सरची अर्थची वायर तुटली तर सिग्नल पाच व्होल्टकडे चढतो आणि पी०१२३ येतो. त्या जागी कितीही नवे, कंपनीचे सीलबंद सेन्सर लावले तरी तो येतच राहणार.

केबल नसलेल्या गाड्यांत गल्लत आणखी सोपी आहे. पी२१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन सिग्नलांत मेळ नाही, पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सिग्नलांत मेळ नाही. फरक शेवटच्या एका अंकाचा. तो वाचण्यात चूक झाली की दोष पायाखाली असतो आणि बॉनेटखालचा महागडा थ्रॉटल बॉडी बदलला जातो. अनेक मॉडेल्समध्ये सेन्सर सुटा मिळतच नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते, हे लक्षात घेतले तर या अंकाचे मोल कळते.

मल्टिमीटरने काय कळते?

चावी ऑन, इंजिन बंद. पहिल्यांदा कपलरवर ५ व्होल्ट येतात का ते पाहायचे. येत नसतील तर सेन्सरकडे बोट दाखवण्याचे कारणच उरत नाही, शोध वायरिंगकडे वळतो. मग अर्थ नीट आहे का. तिथे जवळपास शून्यच दिसायला हवे. त्यानंतर सिग्नलच्या वायरीवर मीटर ठेवून पेडल अगदी हळू दाबत जायचे. आकडा न अडखळता चढला पाहिजे. मध्येच तो कोसळून परत आला तर तिथे पट्टी झिजली आहे. डिजिटल मीटरला हा क्षणभराचा खळगा कधी कधी दिसत नाही. जुन्या काट्याच्या मीटरवर काटा थरथरतो किंवा स्कॅनरवर सिग्नलचा आलेख लावला तर तो लगेच दिसतो.

पट्टी सहसा झिजते ती सुरुवातीच्या भागात, कारण रोजचे चालवणे तिथेच होते. खामगावच्या बाजारातली गर्दी असो की घाटातले वळण, पाय थोडासाच दाबलेला असतो. म्हणून गाडी मोकळ्या रस्त्यावर पळते आणि हळू चालवताना झटके मारते. हे लक्षण सेन्सरच्या बाजूने साक्ष देणारे आहे, पण मोजमापाची जागा ते घेऊ शकत नाही. चढावर पिकअप तुटण्याची कारणे दुर्बळ इग्निशन कॉइल, तुंबलेला फ्युएल फिल्टर किंवा इनटेकमधली हवेची गळती हीही असतात. शिवाय काही नव्या गाड्यांतल्या सेन्सरमध्ये घासणारी पट्टीच नसते, चुंबकाच्या मदतीने कोन मोजला जातो. तिथे ‘पट्टी घासली’ हे निदान मुळातच चुकीचे.

शेवटी मीटरवर नजर ठेवून वायरिंग हाताने हलवून पाहायचे. शेताजवळ किंवा अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, प्रेशरने इंजिन धुतल्यावर कपलरमध्ये पाणी जाते आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. हे दोष हात लावल्याशिवाय दिसत नाहीत, आणि दुरुस्तीला पैसेही फार लागत नाहीत.

तपासणीचे पैसे कोण देणार?

खरी गाठ इथे आहे. छोट्या गॅरेजच्या बिलात बहुधा दोनच रकाने असतात : पार्ट आणि लेबर. पाऊण तास वायर शोधून ती जोडून दिली तर ‘वायर जोडायचे एवढे पैसे?’ असा सवाल येतो. पण खोक्यातून नवा सेन्सर निघाला की तोच ग्राहक मुकाट्याने रक्कम मोजतो. पॅथॉलॉजी लॅबला रक्त तपासणीचे पैसे कुणी नाकारत नाही, मग रिपोर्ट नॉर्मल का येईना. मिस्त्रीला मात्र शोधाचा मोबदला मिळत नाही, पार्टवरचा फायदा मिळतो. त्यामुळे मोजणारा तोट्यात जातो आणि बदलणारा कमावतो. मिस्त्री लबाड असतो असे मानायची गरज नाही. व्यवहारच त्याला त्या दिशेला ढकलतो.

तेव्हा तपासणीचे शुल्क वेगळे घ्यावे, आधी सांगून घ्यावे आणि ग्राहकाने ते द्यावे. त्यातून नुसती नवी पावती फाडली जाईल, ही शंका रास्त आहे. तिचा उपाय बिलावरच आहे : ५ व्होल्ट आले का, अर्थवर किती, पाय वर असताना आणि पूर्ण दाबल्यावर सिग्नल किती, हे चार आकडे लिहून द्यायचे. आकडे नसतील तर शुल्कही नाही.

छोट्या गॅरेजचीही एक बाजू आहे. स्वस्त स्कॅनर कोड वाचतो, पण अनेक गाड्यांत नवा थ्रॉटल बसवल्यावर त्याची ओळख ईसीएमला करून द्यावी लागते आणि त्यासाठी प्रसंगी कंपनीचेच उपकरण लागते. वायरिंगचे नकाशेही सहज हाती येत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावताना सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना मिळाली पाहिजेत, असे बजावले होते. कंपन्या अपिलात गेल्या. केंद्राचे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये आले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलवरील माहिती आणि चिखलीच्या मिस्त्रीच्या हातातला वायरिंगचा नकाशा यांत अजून बरेच अंतर आहे. ते कापण्याची जबाबदारी एकट्या मिस्त्रीवर टाकता येणार नाही.

गाडीमालकाच्या हातातही थोडे आहे. मोबाइलला जोडायचा ओबीडी डोंगल घेऊन दिवा लागताच कोड पुसून टाकण्याची सवय वाढली आहे. कोडसोबत ईसीएम त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनाचे तापमान अशी नोंद ठेवतो. कोड पुसला की तीही जाते. आधी स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो गॅरेजमध्ये दाखवावा. सेन्सर बदललाच तर जुना मागून घ्यावा. तीन वायरींचा जुना सेन्सर टेबलावर ठेवून, मल्टिमीटर ओहमवर लावून हळूहळू फिरवला, तर तो खरेच गेला होता की नाही हे दोन मिनिटांत समजते.