'ढ'ची बाजू

मागच्या महिन्यात ऑफिसात मी एका नव्या पोराला 'ढ' म्हणालो. तोंडावर नाही, शेजारच्याला, हळूच. त्याला मराठी कळत नसणार असं धरून चाललो होतो. पोरगा निघाला पाथर्डीचा, म्हणजे माझ्याच नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं). आणि कानाचा तिखट. बोलला काहीच नाही. फक्त त्या दिवसापासून प्रश्न विचारायचा बंद झाला. पंधरा दिवसांनी रिलीज गंडली तेव्हा कळलं, ती चूक त्याला आधीच दिसली होती!

असो. तर हा 'ढ'.

याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण असं: अशोकाच्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, 'ढ' मात्र जवळपास तसाच राहिला. प्रगती शून्य, म्हणून ढ. अक्षराची गोष्ट खरी आहे, ब्राह्मीचा तक्ता काढून बघा. पण मंडळी, जरा आपल्या धंद्याच्या नजरेने विचार करा. सुमारे २२५० वर्षं एकही पॅच न लागता चालणाऱ्या कोडला आपण मठ्ठ म्हणतो? त्याला स्टेबल म्हणतो, आणि हात लावायला घाबरतो.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. मराठीत यासाठी 'कच्चा' हा सुरेख शब्द होता. कच्चा आंबा पिकतो. कच्चा माणूस कशात तरी कच्चा असतो, आणि पक्का होऊ शकतो. नापासालाही तारीख आणि विषय असतो. 'ढ'ला यातलं काहीच नाही. 'गणितात ढ' म्हणतात म्हणा, पण चार दिवसांत गणित गळून पडतं आणि ढ तेवढा उरतो. व्याकरण बघा: कच्चा, कच्ची, कच्चे, पण ढ मुलगा, ढ मुलगी, ढ मुलं. शब्दच हलत नाही, पोरगं काय हलणार?

आमच्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत, संत निळोबाराय विद्यालयाने दुसरीकडे नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला. बाकीच्या शाळा निकाल बिघडेल म्हणून ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, त्यांच्यासाठी नापास होणं हीच इथे पात्रता ठरली. शाळेच्या वेळापत्रकात व्यायाम, शिस्त, जादा अभ्यास. जादू काही नाही. पोरं कच्ची आहेत एवढंच गृहीत धरलं, ढ आहेत असं नाही.

आता कोणीतरी अकोल्याच्या, म्हणजे आमच्या अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं उदाहरण देईल. शाळेत न जाता देशी बियाणं जपलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मोठ्याच आहेत त्या. पण हे उदाहरण मला नको. शिवी चुकवायला पद्मश्री मिळवावी लागत असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

"अरे, आमचे मास्तर प्रेमाने म्हणायचे, आमचं काय बिघडलं?" असं म्हणणारे नेमके पहिल्या बाकावरचे असतात. मीही तिथलाच. मागच्या बाकावरच्यांना आपण कधी विचारलंच नाही.

पाथर्डीच्या पोराला मी शुक्रवारी चहाला नेलं. माफी मागितली. तो म्हणाला, "सर, सवय आहे." चहाचे पैसेही त्यानेच दिले.