जुना मदरबोर्ड, नवे कॅबिनेट : मोडतोड की जतन?

१/ जुन्या पीसीचा मदरबोर्ड आजच्या कॅबिनेटमध्ये बसवला की एक आक्षेप हमखास येतो : ही इतिहासाची मोडतोड आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. कारणे या थ्रेडमध्ये मांडतो.

२/ मुळात असा बोर्ड बसतो कसा? आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत पाच स्लॉट होते, एकमेकांपासून एक इंचावर. १९८३ च्या एक्सटीमध्ये ते आठ झाले आणि अंतर ०.८ इंचांवर आले. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणले, तरी हे अंतर बदलले नाही. आजच्या कॅबिनेटच्या मागील खाचा त्याच मापाच्या आहेत.

३/ म्हणून १९८१ चा बोर्ड या खाचांशी जुळत नाही, पण ३८६-४८६ च्या काळातील ‘बेबी एटी’ बोर्ड जुळतो. त्याची स्क्रूची काही छिद्रेही एटीएक्सशी मिळतात. चाळीस वर्षांपूर्वीचा एक निर्णय आजच्या पत्र्यात असा शिल्लक आहे. इतिहासाचे साधन म्हणतात ते हेच.

४/ अडचणी अर्थातच आहेत. बेबी एटी बोर्ड ३३० मिमीपर्यंत खोल असू शकतो. एटीएक्सची खोली २४४ मिमी. मागे कीबोर्डचे एकच गोल सॉकेट असते, त्यासाठी वेगळी पट्टी लागते. जुना एसएमपीएस थेट मुख्य विजेच्या बटणाने चालू होई. नव्याला बोर्डाकडून इशारा लागतो. त्यामुळे अडॅप्टर आणि दाबल्यावर तसेच राहणारे बटण जोडावे लागते.

५/ आता आक्षेपाकडे. आपल्या हाती येणारे जुने बोर्ड बहुधा सुटेच असतात. जड, जागा अडवणारे कॅबिनेट आधीच भंगारात गेलेले असते. अशा बोर्डाला ‘मूळ घरी ठेवा’ असे सांगणे निरर्थक आहे. शिवाय कपाटात पडून राहणे म्हणजे जतन नव्हे : त्यावरील निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. बोर्ड बसवायला घेतला की निदान ती बॅटरी वेळेत काढली जाते.

६/ मग मान्य असलेला अर्धा भाग कोणता? मूळ कॅबिनेटसह पूर्ण टिकलेले यंत्र केवळ हौसेपोटी उघडून रिकामे करणे मला अक्षम्य वाटते. तसेच बोर्डाला नवे छिद्र पाडणे किंवा त्याची कड घासणे. कापायचेच असेल तर पत्रा कापा. कॅबिनेट उद्या दुसरे मिळेल, तो बोर्ड पुन्हा कोणी घडवणार नाही.

७/ स्मारकांच्या जतनाविषयीची १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की नवा भाग मुळाशी सुसंगत असावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. त्या कसोटीवर, जुन्यासारखा पिवळट रंग दिलेल्या नकली खोक्यापेक्षा साधे काळे कॅबिनेट मला अधिक प्रामाणिक वाटते. ते पाहणाऱ्याची फसवणूक करत नाही.

८/ शेवटी एक विनंती. बोर्ड कुठून मिळाला, त्यात काय बदलले, कोणते अडॅप्टर लावले, हे तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. वीस वर्षांनी ते झाकण उघडणाऱ्याला आपण केलेला बदल आणि मूळ वस्तू यांत गल्लत होता कामा नये.